मदत हवी आहे: बारावीनंतर पुढे गेलेली मुलं आमच्या कामामुळे गेली का, हे कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातल्या माण आणि खटाव तालुक्यांतल्या काही कनिष्ठ महाविद्यालयांत आमचा एक गट काम करतो. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी प्राध्यापक, बाकीची इथेच शिकून पुण्याला-साताऱ्याला नोकरीला लागलेली मुलंमुली. अकरावी-बारावीच्या वर्गांवर जाऊन पुढच्या वाटा समजावून सांगायच्या, सातारा-कराडची कॉलेजं आणि वसतिगृहं दाखवून आणायची, सीईटीचे आणि महाडीबीटीचे (म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचे) अर्ज भरून घ्यायचे, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जातवैधता यांच्या मागे लागायचं, असं कामाचं स्वरूप आहे. अर्ज भरणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक ताई किंवा दादा असतो. प्रवेश पक्का होईपर्यंत ते फोन करत राहतात.

मध्यंतरी एका देणगीदारांनी विचारलं, "तुमच्याकडे आलेली बहुतेक मुलं कॉलेजात गेली, हे छानच. पण तुम्ही नसतात तर यातली किती गेली नसती?" प्रश्न रास्त आहे. देणगीचं सोडा, आम्हालाच हे कळायला हवं आहे, कारण माणसं थोडी आणि गावं पुष्कळ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. त्यांच्या जिल्ह्यात आज कॉलेजं आहेत, पण तिथवर पोचणं सगळ्यांना जमत नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात महाराष्ट्राचं एकूण नोंदणी गुणोत्तर (१८ ते २३ वयाच्या दर शंभर जणांमागे उच्च शिक्षणातली नोंदणी) ३५.३ आहे, देशाचं २८.४. राज्य पुढे आहे म्हणून दहिवडीच्या पुढच्या वाडीतली मुलगी पुढे आहे असं होत नाही.

आता अडचण सांगते. सहलीला आणि शिबिराला जी मुलं स्वतःहून नाव देतात, त्यांच्या घरी बहुधा कुणीतरी शिकलेलं असतं, मार्क बरे असतात, एसटीच्या भाड्याला कुणी नाही म्हणत नाही. ती आमच्याशिवायही गेली असती. ज्याच्या चुलत्याचं तमिळनाडूत गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, दुकान आहे आणि शेवटचा पेपर झाला की तिकडे ये असा निरोप आलाय, तो मुलगा सभागृहात येतच नाही. जिच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, तीही येत नाही. इथे एक स्पष्ट करते: गलाईनं आमच्या दुष्काळी भागातली कितीतरी घरं उभी केली आहेत, सैन्यभरतीनंही केली आहेत. तिकडे गेलेल्या मुलाला आम्ही अपयश म्हणणार नाही. पण फी माफ होऊ शकते, वसतिगृह मिळू शकतं, हे माहीत असताना त्यानं ते ठरवलेलं असावं, एवढा आमचा आग्रह आहे. हे 'माहीत असताना ठरवणं' मोजायचं कसं?

आधीची वर्षं आणि नंतरची वर्षं अशी तुलना करावी, तर मध्ये फार काही बदललंय. २०२१ ला बारावीची परीक्षाच झाली नाही, जुने गुण आणि अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्या वर्षी मुली वाढल्या असतील, तर ते सरकारच्या निर्णयामुळे की आमच्या ताईंच्या फोनमुळे?

शिबिरानंतर भरून घेतलेले अभिप्राय मला पुरावा म्हणून वापरायचे नाहीत. पाहुण्यांसमोर मुलं चांगलंच लिहितात. इंग्लंडमध्ये ऑफिस फॉर स्टुडंट्स ही नियामक संस्था अशा कार्यक्रमांच्या पुराव्याचे तीन प्रकार मानते: कार्यक्रमाचा उपयोग का व्हावा याची सुसंगत मांडणी, बदल झाला हे दाखवणारी माहिती, आणि तो बदल कार्यक्रमामुळेच झाला हे दाखवणारा पुरावा. पहिल्याची आमची तयारी आहे, दुसऱ्याची अर्धवट. तिसऱ्यासाठी गटात सूचना आली की काही कॉलेजं मुद्दाम सोडून द्यायची आणि तिथल्या मुलांशी तुलना करायची. मला हे पटत नाही. कागद अडलेत म्हणून एखाद्या मुलीचा प्रवेश हुकताना दिसत असेल, आणि तिचं कॉलेज तुलनेतलं आहे म्हणून आपण गप्प बसायचं? दुसरा मार्ग आहे का?

प्रतिसाद, सांगलीहून:

ताई, मी सांख्यिकी शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी छेद बदला. शिबिराला आलेल्यांपैकी किती गेले हे मोजू नका. बारावीच्या हजेरीपटावर जितकी नावं आहेत त्या सगळ्यांपैकी किती गेले, ते मोजा. मग कोण स्वतःहून आलं आणि कोण आलं नाही, याचा निकालावर परिणाम होत नाही. शिवाय आकडा वाढवायचा तर तुमच्या ताई-दादांना गलाईवाल्या मुलाच्या घरी जावंच लागेल.

आणि कुणालाही सोडायची गरज नाही. सगळ्या कॉलेजांना एकाच वर्षी पुरे पडाल इतकी माणसं तुमच्याकडे नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. मग आधी कुठे जायचं हे ओळखीवर ठरवण्याऐवजी सगळ्या प्राचार्यांसमोर चिठ्ठ्या टाका. ज्यांची पाळी पुढच्या वर्षी येईल, त्यांच्याशी या वर्षीची तुलना. फीमाफी, दुष्काळ, कडक पेपर, जे काही होईल ते दोन्हीकडे सारखंच होईल. नंतरच्या पाळीच्या कॉलेजातली मुलगी मदत मागायला आली तर बिनधास्त करा, फक्त नोंद ठेवा. त्यानं दोन्हीकडचा फरक थोडा कमी दिसेल. दिसू दे.

प्रतिसाद, जतहून:

मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात आहे. फोन लावण्याआधी शाळा सोडल्याच्या दाखल्यांचं रजिस्टर बघा. पुढे प्रवेश घ्यायचा तर दाखला न्यावाच लागतो. मात्र भरतीलाही तो लागतो आणि कारणाच्या रकान्यात सरसकट 'पुढील शिक्षणासाठी' असंच लिहिलेलं असतं, तेव्हा दाखला नेला म्हणजे प्रवेश झाला असं धरू नका. ज्यांनी नेलेलाच नाही ती नावं मात्र लगेच हाती लागतात.

फोनचं म्हणाल तर ज्यांचं बरं चाललंय तेच उचलतात. बाहेर गेलेल्या मुलांची सिमकार्डं बदललेली असतात. न लागलेल्या नंबरांतून चिठ्ठीनं थोडी नावं काढा आणि त्यांच्या घरी जाऊन या. त्या थोड्यांवरून बाकीच्यांचा अंदाज येतो.

आणि ताई, कृपा करून प्रवेशावर थांबू नका. आमच्याकडची मुलं दिवाळीला घरी येतात आणि परत जात नाहीत. खोलीभाडं आणि मेस झेपत नाही. स्वाधार किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या सरकारी योजनांचा अर्ज वेळेत झाला का, आणि मूल दुसऱ्या वर्षाला बसलं का, हे मोजलंत तर खरं काय ते कळेल.

प्रतिसाद, कराडहून:

एक भर घालतो. २००८ साली अमेरिकेत ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना राज्यांत एक प्रयोग झाला. कराची विवरणपत्रं भरून देणाऱ्या कार्यालयांत आलेल्या कमी उत्पन्नाच्या काही घरांना, चिठ्ठीसारख्या पद्धतीनं निवडून, मुलांच्या शैक्षणिक मदतीचा सरकारी अर्ज तिथल्या तिथे भरून दिला. काहींना नुसती माहिती दिली. अर्ज भरून मिळालेल्या घरांतल्या, शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांमध्ये पुढे कॉलेजची दोन वर्षं पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ वरून ३६ टक्क्यांवर गेलं. नुसत्या माहितीचा परिणाम दिसला नाही. म्हणून तुमचं व्याख्यान, सहल आणि अर्जाची मदत एकाच गाठोड्यात बांधून मोजू नका. काही कॉलेजांत फक्त व्याख्यान, काहींत व्याख्यान आणि अर्ज, असं करून बघा. माझा अंदाज, तुमचा जोर दाखले आणि अर्जांवरच वाढवावा लागेल.

धागाकर्ती:

सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. हजेरीपटाचा छेद आणि पाळीच्या चिठ्ठ्या, दोन्ही गटासमोर मांडले आणि सगळ्यांना पटले. दुसऱ्या वर्षापर्यंतचा पाठपुरावाही करणार आहोत.

त्यातून निघालेले दोन प्रश्न. आमची कॉलेजं मोजकीच आहेत. सरळ चिठ्ठ्या टाकल्या तर सगळी विज्ञान शाखेची मोठी कॉलेजं एकाच बाजूला यायची भीती वाटते. आधी तालुका आणि शाखा बघून सारख्या कॉलेजांच्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीत चिठ्ठी टाकायची, हे चालेल का? जोडीतलं एक कॉलेज मध्येच बाहेर पडलं तर दुसऱ्याचं काय करायचं?

आणि हजेरीपट व दाखल्यांचं रजिस्टर बघण्यासाठी प्राचार्यांची, आणि मुलांच्या घरी फोन करण्यासाठी पालकांची लेखी परवानगी घ्यायची आहे. सोप्या मराठीतला असा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका. जूनमध्ये बारावीचे नवे वर्ग भरायच्या आत पत्रं जायला हवीत.