मदत हवी आहे: मस्कतमधून सातारा सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेची तयारी

नमस्कार मंडळी. आम्ही मस्कतला राहतो. मुलगा इथल्या भारतीय शाळेत सीबीएसईच्या पाचवीत आहे. सहावीसाठी सातारा सैनिक स्कूलला जायचं त्याच्या मनाने पक्कं घेतलंय, आजोबा सैन्यात होते म्हणून असेल. पेपर इंग्रजीतूनच देईल.

३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताचे, तिथे तो बरा आहे. खरी काळजी सामान्य ज्ञानाची. इथे वाढलेल्या मुलाला भारतातल्या नद्या, सैन्यातली पदं, शौर्यपदकं हे सगळं पाठ करावं लागतं; कानावर पडून येत नाही. वाचायची गोडी लागेल असं काही सुचवाल का? बुद्धिमत्तेसाठी शिष्यवृत्तीची पुस्तकं चालतील, की वेगळी घ्यावीत? पुण्याहून येणाऱ्या आईंकडून मागवता येतील. ओएमआर शीटचा, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेचा, सराव घरी कसा करून घेतलात?

ऑनलाइन शिकवणारे कोणी असतील तर जरूर कळवा. भारतातला संध्याकाळी सातचा क्लास इथे साडेपाचला, त्यामुळे वेळ छान जुळते. आणखी एक, लेखी परीक्षेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत चष्म्याच्या नंबरामुळे कोणाला अडचण आली का? त्याला नुकताच चष्मा लागलाय.