माचू पिचूची ट्रेन: व्हिस्टाडोम घ्यावी की साधी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मे महिन्यात आईबाबांना घेऊन पेरूला जातोय. माचू पिचूला गाडीरस्ता नाही, त्यामुळे ट्रेन आलीच. चालत जाणं आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही. कुस्को शहर ३४०० मीटरवर, तिथे विरळ हवेचा त्रास होतो म्हणून आधी ओयांतायतांबो या गावी मुक्काम करायचा विचार आहे. ते बरंच खाली आहे आणि तिथून आग्वास काल्येंतेस (माचू पिचूच्या पायथ्याचं गाव) ट्रेनने दोनेक तासांवर.

आता खरा घोळ. पेरूरेल या रेल्वे कंपनीच्या व्हिस्टाडोम ट्रेनला छतालाही काचा, त्यांची साधी ट्रेन एक्सपेडिशन त्याहून स्वस्त. त्यांच्याच हायरम बिंगम या आलिशान ट्रेनचे दर पाहून बाबा म्हणाले, "एवढ्यात अख्खी चारधाम होईल!" तो विषय तिथेच मिटला. इंका रेल या दुसऱ्या कंपनीचाही पर्याय आहेच.

जाऊन आलेल्यांनी सांगा: छताच्या काचांसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का? दरी अरुंद आहे, म्हणजे डोंगर बघायला मान वर करावीच लागणार, असं मला वाटतं. जाताना उरुबांबा नदी डावीकडे दिसते म्हणतात, पण सीट निवडता येते का? आणि सामानाची मर्यादा कडक आहे, तर मोठ्या बॅगा हॉटेलवाले ठेवून घेतात का?