गाडीला पोचा: आपसात मिटवलंत की क्लेम केलात? अनुभव टाका

मोंढ्यातली
काल संध्याकाळी वरच्या काकूंच्या मुलानं रिव्हर्स घेताना माझ्या गाडीच्या मागच्या दाराला चांगला वाटीएवढा पोचा पाडला. अर्ध्या तासात काकू दारात. एका हातात पेढे, दुसऱ्या हातात आहेराचं पाकीट, वर एक रुपया चिकटवलेला. आत दोन हजार. म्हणजे २,००१! मी हळदीकुंकवाला बसल्यासारखी ते घेऊन बसले. नवरा म्हणतो परत दे आणि क्लेम कर. मी कालपासून विचार करायलेय.

आणि त्या पाकिटावरून एकदम परभणी आठवली. २००९-१० असेल. बाबांची पांढरी मारुती ८०० मोंढ्यापुढं (धान्यबाजारापुढं) उभी होती आणि डाळमिलचा टेम्पो मागं येत होता. किन्नर (क्लीनर) "येऊ द्या, येऊ द्या" करत होता आणि त्यानं येऊ दिलं ते थेट आमच्या डिकीवर. डेंटरनं २,२०० सांगितले. मिलचे शेठ आले, बाबांना "गुरुजी" म्हणाले (बाबा शाळेत होते), ७०० रोख काढून दिले आणि बाकीच्यासाठी वीस किलोचं तूरडाळीचं पोतं गाडीत टाकलं. बाबा खूश. घरी आईनं पोत्याची शिवण सोडली तर भुंगे रांगेनं बाहेर यायला लागले. आई एवढंच म्हणाली, "पोचा परवडला. त्याला रंग तरी देता येतो."

डिकी कधीच दुरुस्त झाली नाही. ७०० माझ्या सहलीला गेले. गाडी विकेपर्यंत झाकण दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही. इन्शुरन्सचा कागद होता की, प्लास्टिकच्या पिशवीत, डॅशबोर्डात. पण तो पोलिसाला दाखवायचा असतो, एवढीच आमची समजूत.

तर तुमचे किस्से सांगा. आणि किती रुपयांपर्यंत मिटवावं तेही.

लातूरचा_हिशोबी
ताई, हे साहेबांना वाचून दाखवा. मागच्या वर्षी औसा रोडला एक दुचाकीवाला माझ्या पुढच्या बंपरात घुसला आणि पसार. शोरूमचं एस्टिमेट ७,८००. त्यात बंपर ४,२००, पेंटिंग २,८००, काढणं-बसवणं ८००. पॉलिसी साधी, झिरो डेप (पार्टच्या जुनेपणाचे पैसे न कापणारी) नाही. बंपर प्लास्टिकचा म्हणून त्याचे निम्मे, २,१०० कापणार. पेंटिंगच्या बिलात पाव हिस्सा रंगाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, ते ३५०. शिवाय १,००० आपण भरायचेच, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला तो नियमच आहे, मोठीला २,०००. म्हणजे हातात ४,३५०.

आता दुसरं पान. माझा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम ९,०००, त्यावर ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याची सूट). क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला एनसीबी शून्य, ४,५०० तिथंच गेले. मग दर वर्षी २०, २५, ३५, ४५ असं करत पुन्हा ५० ला जायचं. प्रीमियम तेवढाच धरला तर सगळे मिळून ११,२५० जातात. कशासाठी, तर ४,३५० साठी.

गावातल्या डेंटरनं तोच बंपर वेल्डिंग करून, रंगवून २,६०० त दिला. उन्हात रंग जरा वेगळा दिसतो. पण दिसतो कुणाला, सासुरवाडीच्यांना.

हुरडा_स्पेशल
११,२५० वाचून चहा गार झाला. माझापण किस्सा आहे, मोठा आहे, रात्री टाकतो.

पाटोद्याची_सून
भुंग्याला एरंडेल चोळायचं होतं ना डाळीला. नाहीतर कडुलिंबाचा पाला. शेठनं मुद्दाम जुनी डाळ खपवली बघा.

मोंढ्यातली
@पाटोद्याची_सून अहो डाळ आली तेव्हाच लोकवस्ती झाली होती त्यात, एरंडेल कुणाला चोळणार?

गुलमंडीची
माझी चूक होती, आधीच सांगते. गाडी शिकून तीन आठवडे झालेले, गुलमंडीत दिवाळीची गर्दी, आणि मी रिक्षाच्या मागच्या मडगार्डला हलकेच टेकले. टेकले म्हणजे पत्रा आत गेला. दोन मिनिटांत पंधरा माणसं. प्रत्येकाचा रेट वेगळा. रिक्षावाले मामू ३,००० म्हणाले. मी भीत भीत "इन्शुरन्स है मेरा" म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "बाजी, क्लेम-बिम नक्को. चार दिन गाडी खडी रही तो घर में क्या पकाऊँ?"

ते माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. आपण गाडी चार दिवस गॅरेजला टाकून ऑफिसला रिक्षानं जातो. तो कशानं जाणार?

टपरीवरच्या एका चाचांनी निवाडा केला, आधी डेंटरकडे चला, तो म्हणेल ते. मामूंच्याच रिक्षात बसून गेलो. डेंटरनं पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा धरला, बाहेरून लाकडी हातोडी. टक टक टक, मध्येच तळहात फिरवून बघायचा, डोळे मिटून. वीस मिनिटांत पत्रा जागेवर, वर लांबी (पुट्टी) लावून घासली. ५०० त्याचे, ३०० मामूंच्या बुडालेल्या भाड्याचे. परत येताना मामूंनी मला गाडीपर्यंत सोडलं आणि भाडं घेतलं नाही. आणि वर क्लच कसा सोडायचा ते शिकवलं. शिकवणीवाल्यापेक्षा बरं शिकवलं.

बार्शीनाका
आमच्याकडे प्रॉब्लेम वेगळा असतो. बीडात कुणी ठोकलं की पहिला प्रश्न नुकसान किती हा नसतोच, गाव कोणतं हा असतो. दुसरा प्रश्न आडनाव. तिसऱ्या प्रश्नाला माणूस नात्यातला निघतो. माझा आरसा तोडणारा निघाला मावसभावाच्या साडूचा मेव्हणा. १,८०० चा आरसा. पैसे मागायची सोयच राहिली नाही, उलट "भाऊ, घरी या जेवायला" मीच म्हणालो. आणि आला की ओ! चौघं घेऊन आला. आरसाबी आमचाच, मटणबी आमचंच.

लातूरचा_हिशोबी
@बार्शीनाका मटणाचा खर्च एनसीबीत धरला का 😂

गुलमंडीची
😂😂

दुधना_काठ
हसायलात तुम्ही, मी मात्र पोळलोय. जालन्यात सिग्नलला पुढच्या गाडीला लागली माझी. त्याची डिकी थोडी दबली. ५,००० ठरले, फोनपे केले, हातात हात दिला, विषय संपला असं समजलो. आठ दिवसांनी फोन, आतला पत्रा पण गेलाय, शोरूमनं १७,००० सांगितलेत, १२,००० पाठवा. मग रोज फोन. मग त्याच्या भावाचा फोन. शेवटी ओळखीच्या वकिलांनी त्याच्याशी बोलल्यावर बंद झाले. माझ्याकडे कागद नाही, फोटो नाही, काही नाही.

आता गाडीत कोरा कागद नि पेन ठेवतो. तारीख, दोन्ही गाड्यांचे नंबर, रक्कम मिळाली, या नुकसानीबाबत आता काही मागणी नाही, दोघांच्या सह्या. फोनपे करतानाही खाली लिहितो कशाचे ते. आणि चारी बाजूंनी फोटो, त्याची नंबरप्लेट दिसेल असे.

विमावाला_मामा
२२ वर्षं पॉलिसी काढतोय म्हणून दोन शब्द. @दुधना_काठ तुमचा कागद चांगला, पण एक लक्षात ठेवा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे-कबूल करायचे नाहीत, अशी अट पॉलिसीतच छापलेली असते. म्हणजे खिशातून मिटवणार असाल तर पूर्ण मिटवा. "थोडं मी देतो, बाकी माझी कंपनी देईल" असं लिहून द्याल तर फसाल. आणि माणसाला लागलं असेल, खरचटलं असेल तरी मिटवामिटवी नको. आधी दवाखाना, मग पोलिसात खबर, मग कंपनीला फोन.

दुसरं, लोक वर्षभराचे ओरखडे साठवतात आणि रिन्यूअलच्या आधी "एकाच दिवशी झालं" म्हणून येतात. नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर काय आंधळा असतो का? एका पोच्यात गंज, दुसऱ्यात ताजा पत्रा. प्रत्येक ठोकरीचा क्लेम वेगळा आणि ते १,००० पण दर वेळी वेगळे.

एमएच_३८
मामा, एक विचारू का. चूक समोरच्याची असली तर त्याच्या इन्शुरन्समधून आपली गाडी करून घेता येते ना? सगळे म्हणतात थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) असतंच की.

विमावाला_मामा
येते, पण गॅरेजात नाही, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. पोलिसांचे कागद लागतात, वकील लागतो, तारखा लागतात. खासगी गाडीनं दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केलं तर ७.५ लाखांपर्यंत मिळू शकतं, तुमच्या एनसीबीलाही धक्का नाही. पण ६,००० च्या बंपरासाठी कोण जातंय? म्हणून तर रस्त्यावर मांडवली होते. आणि ज्याची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी आहे त्यानं स्वतःच्या गाडीसाठी क्लेम शोधूच नये, त्यात ते नसतंच.

एमएच_३८
हां मग आम्ही क्लेम केला नाही ते बरोबर झालं. आमच्या बॉनेटवर औंढ्याला वानर बसलं होतं. बसलं म्हणजे झाडावरून उडी मारली. मधोमध परातीएवढा खड्डा. ते आमच्याकडेच बघत केळं खायलं होतं.

बार्शीनाका
गाव विचारलं का त्याचं?

एमएच_३८
आडनाव सांगितलं नाही 😄 वडील म्हणाले देवाच्या दारी झालंय, राहू दे. अजून तसंच आहे. पावसात पाणी साचतं, चिमण्या येतात.

हुरडा_स्पेशल
आलो. माझा उलटा अनुभव, म्हणून क्लेम करूच नका म्हणणाऱ्यांनी वाचा.

दोन वर्षांखाली, जानेवारी, माजलगावहून तेलगावकडं येऊ लागलो होतो. रात्रीचे नऊ. पुढं उसाची जुगाडं, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नंबर नाही. समोरून ट्रकचा लाईट डोळ्यावर आला आणि दिसलं तेव्हा ऊस काचेला टेकलेला. वेग कमी होता म्हणून वाचलो. ट्रॅक्टरवरचं पोरगं विशीतलं, उतरून आलं, पहिल्यांदा मला पाणी दिलं. मग म्हणालं, "दादा, मागून तुमीच आलाव." खरंच होतं ते. त्याच्याकडं काय मागू? ट्रॉल्यात बसलेल्या बाया उतरून रस्त्यावर पडलेला ऊस गोळा करायला लागल्या, लेकरं वर झोपलेलीच.

ग्रिल, रेडिएटर, कंडेन्सर, दोन्ही लाईट. बिल ६८,०००. गाडी अडीच वर्षांची, झिरो डेप होतं. जागेवरूनच कंपनीला फोन केला, टोईंगनं बीडला आणली, तिसऱ्या दिवशी सर्व्हेअर आला. माझ्या खिशातून साडेतीन हजार गेले. एनसीबी गेली तर गेली. त्या वेळी कुणी मला ११,२५० चं गणित सांगितलं असतं तर मी त्याला ऊस फेकून मारला असता.

लातूरचा_हिशोबी
भाऊ, अहो ६८,००० ला क्लेमच करायचा. माझं गणित बंपरापुरतं आहे. जपून चला सीझनमध्ये.

पाटोद्याची_सून
त्या ट्रॉल्यांवर आमच्याच तालुक्यातली माणसं असतात. दिवाळी झाली की गावं रिकामी. दिवा लावायचं काम मुकादमानं, कारखान्यानं बघायला पाहिजे, त्या पोराला काय माहीत.

हुरडा_स्पेशल
@पाटोद्याची_सून तेच. म्हणून तर काही बोललो नाही त्याला. निघताना त्यानं चार कांड्या दिल्या गाडीत टाकून. टोईंगवाल्यानं खाल्ल्या.

दुधना_काठ
मामा, गाडी विकायलोय पुढच्या महिन्यात. एनसीबी गाडीबरोबर जाते का?

विमावाला_मामा
नाही, ती तुमची. गाडी विकल्यावर कंपनीकडून एनसीबीचं सर्टिफिकेट घ्या, नव्या गाडीला लागते. घ्यायला विसरतात लोक. आणि गाडी न विकता नुसतं रिन्यूअल राहिलं, जुनी पॉलिसी संपून ९० दिवस गेले, तर मात्र गेली.

गुलमंडीची
@मोंढ्यातली मग काय ठरलं?

मोंढ्यातली
आज डेंटरला दाखवलं. दाराचा पत्रा काढून नाही, बाहेरूनच ओढून काढतो म्हणाला, रंगासकट ३,२००. नवऱ्याला हिशोबी भाऊंचं गणित वाचून दाखवलं, तो गप्प आहे. आमची एनसीबी ४५ वर आहे. वरचे १,२०० काकूंकडे मागायची माझी हिंमत नाही आणि पाकीट परत द्यायची पण नाही. सध्या ते फ्रीजवर आहे. पेढे संपले.

बार्शीनाका
काकूंचं गाव कोणतं?

मोंढ्यातली
सेलू. नका हो, माझं माहेर आहे तिकडं, काहीतरी निघेल.

पाटोद्याची_सून
बरं ते राहू द्या, त्या पोत्याचं काय केलं शेवटी?

मोंढ्यातली
आईनं गच्चीवर तीन दिवस उन्हात घातली, चाळली, आणि दिवाळीपर्यंत रोज वरण. बाबा जेवायला बसले की आई वाढताना म्हणायची, घ्या, डिकी.