एक्झिम्यासाठी मेथोट्रेक्सेट: डोस आणि तपासण्या

तासगावकर: वडील ५८ वर्षांचे, वजन ६२ किलो. जुना ॲटोपिक एक्झिमा, स्टेरॉइड मलमांनी आता भागत नाही. मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट आठवड्याला ७.५ मिग्रॅ सांगितलंय, पुढे १५ पर्यंत नेणार. खोक्यातल्या कागदावर एक्झिम्याचं नावच नाही. २.५ च्या गोळ्या नव्हत्या, म्हणून मेडिकलवाल्याने ७.५ च्या दिल्या. कशावर लक्ष ठेवायचं? शिवाय द्राक्षाची काढणी आली, दिवसभर उन्हात असतात.

फार्मासिस्ट_सांगली: कागदावर नाही, कारण हा ऑफ-लेबल वापर आहे, म्हणजे औषधाला अधिकृत मंजुरी नसलेल्या आजारासाठी. त्वचारोगतज्ज्ञ तो सर्रास करतात. सुरुवात ५ ते १० मिग्रॅने, मग रक्ताचे रिपोर्ट बघत २.५-५ ने वाढ. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात "गुण नाही" म्हणून स्वतःहून वाढवू नका.

सगळ्यात मोठा धोका: आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली जाणं. त्याने अस्थिमज्जा (हाडातला रक्तपेशी बनवणारा भाग) दबते, माणसं दगावली आहेत. वार ठरवा, समजा सोमवार, आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. फॉलिक ॲसिड ५ मिग्रॅ वेगळ्या वारी, डॉक्टरांनी सांगितलं तसं. दोन्ही गोळ्या बऱ्याचदा बारीक, पिवळ्या असतात, म्हणून डबे वेगळे ठेवा. आणि हिशोब मिग्रॅमध्येच करा. "तीन गोळ्या" हे २.५ धरून सांगितलेलं असेल, तर ७.५ च्या तीन म्हणजे २२.५.

लॅब_मिरज: सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हिपॅटायटिस बी-सी, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे. पहिलं रक्त एक-दोन आठवड्यांत, डोस स्थिर झाला की दोन-तीन महिन्यांनी. औषध किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे उन्हात पाणी कमी पडलं, जुलाब-उलट्या झाल्या तर ते अंगात साठतं. त्या आठवड्याचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक पूर्ण वर्ज्य, दारू बंद, अंगदुखीवर परस्पर डायक्लोफेनॅक नको. तोंड आलं, ताप, कोरडा खोकला किंवा दम लागला तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

तासगावकर: एक्झिम्याचं दुसरं औषध सायक्लोस्पोरिन लवकर लागू पडतं म्हणतात, मग ते का नाही?

फार्मासिस्ट_सांगली: पडतं, दोन ते सहा आठवड्यांत. किलोला २.५ ते ५ मिग्रॅ, म्हणजे काकांना दिवसाला साधारण १५५ ते ३१०, दोन वेळात विभागून. पण बीपी चढतो, किडनीवर ताण येतो. क्रिएटिनिन मूळ आकड्याच्या ३० टक्के वर गेलं की डोस कमी करतात, आणि सहसा वर्षाच्या पुढे चालवत नाहीत. काकांना बीपीची गोळी चालू आहे का?