सबसिडी मिळतेय म्हणून धंदा काढावा का?

कांडपवाला
परवा मावसभावाचा फोन. "दादा, पस्तीस टक्केवाली एखादी स्कीम सांग. त्यात कुठला धंदा बसतो ते मग बघू." तेव्हापासून डोकं तापलंय.

माझं मत सरळ आहे. अनुदान बघून धंदा निवडणारा बुडतो. मी स्वतः पीएमईजीपीतून, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, मिरची-मसाला कांडप टाकलं. खेडेगाव, खुला प्रवर्ग, म्हणून २५ टक्के अनुदान. प्रकल्प १० लाखांचा. १ लाख माझे, ९ लाख बँकेचे. अडीच लाख अनुदान आलं खरं, पण माझ्या हातात नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. युनिट चालू असल्याची पाहणी झाली की मग ते कर्जात वळतं होणार. गावात मात्र बोभाटा, "ह्याला सरकारनं अडीच लाख दिले!"

खरी मेख वेळेची. अर्ज दिवाळीत केला, मशीन यायला मे संपत आला. कांडपाचा सीझन फेब्रुवारी ते मे. हप्ता न भरण्याच्या सवलतीचे महिने वाट बघण्यातच सरले आणि हप्ता सुरू झाला भर पावसाळ्यात, जेव्हा मूठभर मिरचीसुद्धा कुणी आणत नाही. त्यापेक्षा जानेवारीत एखादी जुनी मशीन रोखीनं उचलली असती तर पहिला सीझन पदरात पडला असता.

साधी_सुगरण
दादा, "रोखीनं उचलली असती" हे वाक्य ज्याच्या घरात रोख आहे त्याचं. माझ्या नावावर ना सातबारा, ना घर. सासरे म्हणाले, पापड घरातल्या घरात लाट की, मशीन कशाला? मला बँकेच्या दारात उभं केलं ते योजनेनंच. सूक्ष्म अन्न प्रक्रियेची पीएमएफएमई, ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. आमच्या गटातल्या बायकांना बीज भांडवलही, म्हणजे सुरुवातीचा पैसा, मिळालं, सदस्यामागे ४० हजारांपर्यंतची तरतूद आहे.

आधी एक एजंट भेटला होता. फाइल करून देतो, मंजूर रकमेवर टक्केवारी द्या म्हणाला. मी जवळजवळ दिलीच होती! मग तालुक्याच्या कृषी कार्यालयात कळलं की जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, प्रकल्प अहवाल तीच करून देते, फुकट. तिचं मानधन योजनेतूनच जातं.

नवा_गडी
मुद्रामध्ये किती सबसिडी आहे?

निवृत्त_शाखाधिकारी
शून्य. मुद्रा हे विनातारण कर्ज आहे. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख. हा प्रश्न मी काउंटरवर इतक्यांदा ऐकलाय की झोपेतही उत्तर देईन.

आता मूळ विषय. लोक योजनेला अनुदान समजतात. योजना म्हणजे कर्ज, अनुदान हे त्याचं शेपूट. बँक शेपटाकडे बघत नाही, हप्ता कुठून येणार ते बघते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फाइलींत कोटेशन फुगवलेलं असायचं. सहा लाखांच्या मशीनचं नऊचं कोटेशन, म्हणजे स्वतःचा हिस्सा कागदावरच भरला जातो. विक्रेता हसतो, अर्जदार हसतो, आणि व्याज नऊवर चढतं. कांडपवाल्यांशी मी सहमत आहे.

वाकडी_वाट
काका, बँकेची बाजूही सांगा की. १० लाखांपर्यंत तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम असताना शाखेत "घराचे कागद आणा" कोण म्हणतं? "टार्गेट संपलं, एप्रिलनंतर या" कोण म्हणतं?

आणि कांडपवाले, अनुदानाला नाकं मुरडायची तर वरपासून मुरडा. महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे. मोठ्या कारखान्यांना मुद्रांक शुल्कात माफी, विजेच्या बिलात सूट, कराचा परतावा. त्याला म्हणायचं गुंतवणूक आकर्षित करणे. शेवयांच्या मशीनला ३५ टक्के दिले की फुकटेपणा!

निवृत्त_शाखाधिकारी
तारणाचं खरं आहे. मीही मागितलंय, नियम माहीत असताना. कर्ज थकलं की कागद मंत्र्याला नाही, शाखाधिकाऱ्याला विचारतात.

कांडपवाला
ताई, तुमचा मुद्दा टोचला. खोटं कशाला बोलू, रोख माझ्याकडे नव्हती, सासऱ्यांकडून घेतली असती. पण तुम्ही पापड आधीपासून करत होतात, गिऱ्हाईक तयार होतं. माझ्या मावसभावाला अजून धंदाच ठरवायचाय. फरक तिथे आहे.

साधी_सुगरण
मग त्याला तसं सांगा, योजनेला कशाला बोल लावता? आणि तुम्ही पावसाळ्यात नुसते बसता का? श्रावणात उपवासाची भाजणी, दिवाळीआधी चकलीची. आमच्याकडे बायका दळायला तालुक्याला जातात. फक्त डंख, म्हणजे तुमचं कांडपाचं मशीन, चालणार नाही, बारीक दळणारा पल्व्हरायझर लागेल.

निवृत्त_शाखाधिकारी
चालू युनिट वाढवायला पीएमईजीपीत दुसरं कर्ज आहे. पहिलं नीट फेडलेलं हवं आणि तीन वर्षांची ठेव कर्जात वळती झालेली हवी.

कांडपवाला
त्यावर सबसिडी किती?

वाकडी_वाट
😂😂

निवृत्त_शाखाधिकारी
१५ टक्के. हप्ते वेळेवर गेलेत ना सगळे?

कांडपवाला
दोन चुकलेत. पावसाळ्यातलेच.