दहावी: अभ्यास येतो पण पेपर हातात आला की सगळं ब्लँक, काय करू?

सातारकर_आई
नमस्कार मंडळी. मुलगा दहावीला आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. अभ्यास करत नाही असं अजिबात नाहीये, उलट जरा जास्तच करतोय. पण प्रिलिमला भूमितीच्या पेपरला बसला आणि सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं काही म्हणजे काही सुचलं नाही म्हणे, हाताला घाम, कंपासची पेन्सिल घसरतेय, बाजूचा पुरवणी मागतोय आणि हा अजून पहिल्याच पानावर. 40 पैकी 17 आले. आणि घरी येऊन तीच गणितं माझ्यासमोर धडाधड सोडवून दाखवली हो! तेव्हापासून रात्री एक-दीडपर्यंत जागतोय, सकाळी क्लासला निघायच्या आधी हमखास पोट दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, पोटात काही नाही म्हणाले. सासूबाई म्हणतात दृष्ट काढ, आमचे हे म्हणतात मोबाईल काढून घे, क्लासचे सर म्हणतात अजून पेपर सोडवून घ्या. बोर्ड अगदी तोंडावर आलंय. ओरडले तर रडतो, नाही ओरडले तर मलाच वाटत राहतं की आपण फार ढिलं सोडलंय का. कोणाची मुलं यातून गेली असतील तर प्लीज सांगा.

निवृत्त_गणितबाई
ताई, घरी तीच गणितं सुटतात म्हणजे अभ्यास डोक्यात आहे, त्यामुळे आणखी एक क्लास किंवा आणखी एक गाईड आणू नका. अडचण पहिल्या वीस मिनिटांची आहे, त्याचीच तयारी करायची.

भूमितीचा पेपर नीट बघा. पहिला प्रश्न 8 मार्कांचा, त्यात 4 बहुपर्यायी आणि 4 एकेका मार्काचे. दुसरा 12 चा. म्हणजे अर्धा पेपर पहिल्या दोन प्रश्नांतच आहे, आणि दुसऱ्यापासून पुढे सगळीकडे ऑप्शन. पण पोरं काय करतात, पेपर हातात पडला की आधी मागचं पान उलटून चौथा-पाचवा प्रश्न वाचतात, तिथे एखादा अनोळखी रायडर (प्रमेय वापरून सोडवायचं गणित) दिसला की झालं, हातपाय गार. इतकी वर्षं सुपरव्हिजन केलंय, कोण मागचं पान आधी उलटतंय ते बघून मी सांगू शकायचे की याची गाडी आज अडकणार. त्याला सांगा, पहिले दोन प्रश्न होईपर्यंत मागचं पान बघायचं नाही. आणि पेपर मिळाल्यावर कच्च्या कामाच्या जागेत आधी त्रिकोणमितीचा तक्ता (30, 45, 60 चा) आणि अंतराचं, विभाजनाचं सूत्र लिहून टाकायचं. घाबरल्यावर एकाच वेळी खूप गोष्टी लक्षात ठेवता येत नाहीत, कागदावर उतरल्या की डोकं मोकळं होतं, आणि मुख्य म्हणजे हात चालू होतो.

सराव घरी करायचा तो सुद्धा खऱ्यासारखा. सकाळी 11 ला, टेबल-खुर्चीवर, समोर हाताचं घड्याळ, आई चहा घेऊन मध्ये येणार नाही (हे तुम्हाला!). खरा पेपर 11 ते 1 आणि शेवटी 10 मिनिटं जादा, म्हणजे 1:10 पर्यंत, तसंच धरा. आणि कंपासचा स्क्रू आदल्या दिवशी आवळून ठेवा, पेन्सिलीला टोक करून ठेवा. स्पर्शिकेची रचना करताना कंपास सरकला की पोरं तिथेच रडकुंडीला येतात.

रोखठोक_काका
आमच्या वेळी हे स्ट्रेस वगैरे काही नव्हतं. पेपर द्यायचा, घरी यायचं, गोट्या खेळायच्या. हल्ली लाड फार झालेत.

खान्देशी_बाप
काका, तुमच्या वेळीही होतं, तेव्हा त्याला पोटदुखी म्हणायचे आणि ओवा द्यायचे 😄

सातारकर ताई, माझ्या मुलीची दहावी झाली, आमच्याकडेही हेच रामायण होतं. आम्ही घरात एकच नियम केला, परीक्षेबद्दल बोलायचं ते रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं, बाकी दिवसभर कोणी "झालं का वाचून?" विचारायचं नाही, मी पण नाही, आजी पण नाही. पहिले चार दिवस मलाच फार जड गेलं, घशाशी यायचं आणि गिळायचो. आणि क्लासचा तो पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्युट करा, तिथे रोज कोणाला किती पडले त्याचे फोटो येतात, आपण मुलाला काही सांगत नाही पण ते वाचून आपलं तोंड उतरतं ना, ते त्याला बरोब्बर दिसतं.

दीडपर्यंतची जागरणं मात्र पहिल्यांदा बंद करा. या वयात 8 ते 10 तास झोप लागते, आणि वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच, त्यामुळे रात्री बारानंतर जे वाचतोय त्यातलं निम्मं वायाच जातंय. शिवाय पेपर 11 ला आहे, डोकं तेव्हा जागं पाहिजे. मोबाईल काढून घेण्यावरून भांडण नको, रात्री दहानंतर सगळ्यांचेच फोन हॉलमध्ये चार्जिंगला, तुमच्या मिस्टरांचा पण. बघा ते तयार होतात का.

अकरावीवाली
हाय काकू, मी मागच्या वर्षी दहावी दिली म्हणून मध्ये बोलतेय. सेंटरच्या गेटवर घ्यायला गेलात तर प्लीज "कसा गेला" विचारू नका, सरळ "भूक लागलीय का" विचारा. आणि बाहेर मुलांचा घोळका असतो ना उत्तरं टॅली करणारा, तिथून त्याला लगेच काढा, माझा सायन्स 2 नीट गेला असता पण आदल्या पेपरचं एक उत्तर चुकलं हे तिथे कळलं आणि रात्रभर तेच डोक्यात.

अजून एक, मला सगळ्यात जास्त भीती होती नापास झाले तर काय याची आणि घरात तो विषय काढला की सगळे "अशुभ बोलू नको" म्हणायचे. मग मावशीने एकदा सरळ बसवून सांगितलं की एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येतं, जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, आणि टक्के बेस्ट ऑफ फाइव्हने धरतात म्हणजे सहातला सगळ्यात कमी मार्कांचा विषय त्यात येतच नाही. ते ऐकून त्या दिवशी मी नीट झोपले खरं सांगते. त्याला हे माहितीये का विचारा, मुलं बोलत नाहीत पण तेच डोक्यात असतं.

शांतपणे_सांगते
मी हॉस्पिटलमध्ये समुपदेशन करते. वर सगळ्यांनी छान सांगितलंय, दोनच गोष्टी जोडते.

श्वासाचं: चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. सोडताना जास्त वेळ लावला की धडधड उतरते. पण हे पहिल्यांदा परीक्षा हॉलमध्ये करून बघितलं तर काही उपयोग नाही, रोज झोपताना करायचं म्हणजे अंगवळणी पडतं.

दुसरं जरा गंभीर. पोटदुखी, रडणं, चिडचिड हे परीक्षेच्या दिवसांत दिसतं. पण जेवण सुटलं, सलग झोप नाही, मित्रांशी बोलणं बंद केलं, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही हसत हसत जरी म्हणाला तरी परीक्षा संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि त्याला एकटं ठेवू नका. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण लागतो आणि मराठीत बोलता येतं. पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो. बोर्डही दरवर्षी परीक्षेच्या आधी समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. आणि असं काही बोलतो का हे त्याला सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने तसले विचार डोक्यात भरत नाहीत.

सातारकर_आई
सगळ्यांचे खूप आभार. 14416 सेव्ह केला, तसं काही बोललेला नाही पण मी विचारलं, "आई तू पण ना" म्हणाला आणि मग बराच वेळ बोलत बसला. एटीकेटीचं त्याला खरंच माहीत नव्हतं. रविवारी 11 ला पेपर लावला, मी चहा नेला नाही 🙂 सूत्रं लिहून सुरुवात केली, 26 आले. फोन हॉलमध्ये ठेवायला हे कबूल झालेत पण कुरकुर चालू आहे. बाई, एक विचारायचं राहिलं. प्रश्न 2 आणि 3 मधल्या त्या कृती असतात चौकटींच्या, त्यात हा नुसतं चौकटीतलं उत्तर लिहितो, बाकी कृती उतरवत नाही. चालतं का?

निवृत्त_गणितबाई
नाही चालत. "कृती पूर्ण करून लिहा" असंच छापलेलं असतं, म्हणजे पूर्ण कृती उत्तरपत्रिकेत उतरवायची. चौकटी काढून त्यात उत्तर लिहायचं आणि आकृती दिली असेल तर ती पण काढायची. रविवारच्या पेपरचा फोटो टाका, अजून कुठे सांडतोय ते बघते.