दशांशात मर्यादा वाढली की झाला पेपर?

लॅम्डा: काल इथे कोणीतरी लिहिलंय की विलंब, अनिश्चितता आणि नॉइज असलेल्या न्यूरल नेटवर्कच्या स्थिरतेवर अजून खूप काम आहे, नवीन मुलांनी डोळे झाकून यावं. अजिबात पटलं नाही, म्हणून लिहितोय. हॉपफिल्डचं १९८४ चं नेटवर्क घ्यायचं, त्यात टाऊ म्हणजे विलंब घालायचा, डेल्टा-ए म्हणजे सहगुणकांतली अनिश्चितता घालायची, नॉइजसाठी इटोचं पद चिकटवायचं, लियापुनोव्ह-क्रासोव्हस्की फंक्शनलला (ऊर्जेसारखी राशी, ती घटत गेली की स्थिरता सिद्ध) अजून एक दुहेरी इंटिग्रल जोडायचं, एलएमआय (संगणकाने सुटणारी मॅट्रिक्सची असमानता) सोडवायचा आणि शेवटी दोन न्यूरॉनच्या उदाहरणावर टेबल, की नेटवर्क ज्या टाऊपर्यंत स्थिर राहतं ती आमची मर्यादा तिसऱ्या दशांशात जास्त. यात मुलांची चार वर्षं जातात हो.

क्रासोप्रेमी: विलंब कोणी हौसेने घालत नाही. मार्कस आणि वेस्टरव्हेल्ट यांनी १९८९ मध्येच दाखवलं की अँप्लिफायरला स्विच व्हायला जो वेळ लागतो तेवढ्यानेच स्थिर नेटवर्क दोलायला लागू शकतं. साधं बघा, एक्सचा दर बरोबर उणे एक्स, पण टाऊ इतका आधीचा. टाऊ १.५७ च्या, म्हणजे पाय भागिले २ च्या, पुढे गेला की संपलं.

लॅम्डा: ते वैशिष्ट्य समीकरणाची मुळं काढून सुटतं, एलएमआय कशाला लागतो?

क्रासोप्रेमी: टाऊ वेळेनुसार बदलू द्या आणि मग काढा मुळं! तिथे १.५७ चालत नाही, हमी १.५ पर्यंतच मिळते.

ब्राउनकण: टाऊ राहू द्या, नॉइजचं बोला. सगळे नॉइजला शत्रू धरूनच सुरुवात करतात. डीएक्स बरोबर एक्स डीटी अधिक २ एक्स डीडब्ल्यू घ्या, डीडब्ल्यू म्हणजे नॉइजचा यादृच्छिक धक्का. नॉइज नसेल तर स्फोट, नॉइज असेल तर वाढीचा घातांक १ वजा २ (२ च्या वर्गाचा निम्मा), म्हणजे उणे १, जवळपास प्रत्येक मार्ग शून्याकडे जातो. माझ्या तोंडी परीक्षेत हे सांगितलं तर परीक्षक म्हणाले, "चूक आहे, बसा." आठ वर्षं झाली, अजून डोक्यातून जात नाही.

क्रासोप्रेमी: परीक्षक मीन-स्क्वेअर स्थिरतेबद्दल, म्हणजे एक्सच्या वर्गाच्या सरासरीबद्दल, बोलत असतील. तिथे वाढीचा दर २ अधिक ४ बरोबर ६, ती सरासरी (दुसरा मोमेंट) फुगतच जाते. तुम्ही कुठली स्थिरता ते सांगितलं होतं का?

ब्राउनकण: सांगितलं होतं, दोनदा! माहीत नसताना परीक्षकाची बाजू कशाला घेता?

सर्किटवाली: भांडू नका. मी खऱ्या सर्किट बोर्डवर काम करते, मला एकच रन मिळतो, सरासरी नाही. पण हजार बोर्ड बनवले की त्यातला एक मधेच उसळला तरी माल परत येतो, म्हणून मला मीन-स्क्वेअरच लागते. आणि लॅम्डा, तापमानाने रेझिस्टर सरकतात, तो डेल्टा-ए तुम्हाला चिकटवलेला वाटतो, मला तो रोज मोजावा लागतो.

लॅम्डा: बरं, डेल्टा-ए मागे घेतो. ब्राउनकण, तुमचं गणितही बरोबर आहे. पण त्या टेबलातला एक तरी टाऊ कोणी बोर्डवर तपासलाय?

सर्किटवाली: मी एकदा तपासला. एलएमआयने दिलेल्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट टाऊपर्यंत बोर्ड शांत होता.

लॅम्डा: म्हणजे मर्यादाच इतकी भित्री! मी तेच म्हणतोय.

क्रासोप्रेमी: मग ती वाढवायचं कामच तर चाललंय ना तिसऱ्या दशांशात!